एका नंबरावर दोघे

एक्सरेभाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. अबकैकच्या तेलाच्या प्लांटवरचा एक इंजिनिअर पाच वर्षांनी पुन्हा छातीचा फोटो काढायला आला होता. त्याने कॉरिडॉरमध्येच हात पुढे केला, "ओळखलंत का भाई?" भाईंनी अदबीने मान हलवली. नाही. मग त्याला आत नेलं, फोटो काढला, तो पडद्यावर उमटला आणि आतून भाईंचा आनंदाने भरलेला आवाज आला, "अरे, तुम्ही होय! मग आधी नाय सांगायचं?"

इंजिनिअर हसला. मीही हसले. पण माझ्या कामावर परत जाताना ते हसणं तोंडावर टिकलं नाही. माणसाचा चेहरा विसरायचा आणि बरगड्या लक्षात ठेवायच्या, हे काही बरं नव्हे.

रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका जुन्या खासगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, इन्चार्ज सिस्टर आहे. भाई तिथले एक्सरे टेक्निशियन. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. माझ्याआधी कितीतरी वर्षं तिथे आलेले. उंच, वाकलेले, हळू बोलणारे. हॉस्पिटलात सगळे त्यांना एक्सरेभाईच म्हणत. त्यांचं खरं नाव ड्युटीच्या तक्त्यावर वाचलं की क्षणभर वाटायचं, हा कोण नवीन आला?

त्यांच्या खोलीत दिवसासुद्धा दिवा मंद असे. टेबलावर चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळून ठेवलेली शिशाची दोन छोटी अक्षरं असत, एक उजव्या बाजूचं, एक डाव्या बाजूचं. फोटो काढताना त्यातलं एक लावायचं, म्हणजे बघणाऱ्याला बाजू कळते. ती डबी ते दुसऱ्या कुणाला उघडू देत नसत. आता कॉम्प्युटरवरही अक्षर टाकता येतं, पण भाईंचा भरवसा शिशावर.

पेशंटला ते त्याच्या भाषेत सांगत, श्वास घ्या, धरून ठेवा. अरबी पेशंटला म्हणत, "खुद नफस." एकदा मला समजावून सांगितलं होतं, "बघा सिस्टर, नफस म्हणजे श्वास. आणि नफ्स म्हणजे जीव. फरक जरासा हाय. पेशंट धरतो श्वास, आणि मी इकडे दुसरंच काहीतरी धरून ठेवतो."

"आणि सोडायला विसरलात तर?"

"तर ते फोटोत राहतं," भाई म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही, मला कळलं नाही. त्यांचं तसं कधीच कळत नसे.

फोटोतल्या माणसाला ते 'फोटोवाला' म्हणत. वॉर्डातून फोन आला, अमक्या पेशंटचं काय झालं, तर म्हणत, "फोटोवाला बरा हाय, तुमच्याकडचा कसा हाय?" नवीन नर्स गोंधळून जात. मी त्यांना सांगत असे, मनावर घेऊ नका, काम चोख आहे. ते होतंही. इतक्या वर्षांत त्यांचा एक फोटो पुन्हा काढावा लागला नव्हता.

आणखी एक सवय सांगायला हवी. इकडे हात मिळवला की माणसं उजवा तळवा छातीवर डाव्या बाजूला, हृदयावर ठेवतात. भाई तो उजव्या बाजूला ठेवत. खिशात पाकीट आहे का, हे चाचपल्यासारखं दिसायचं. मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल. माणसाच्या सवयी असतात, म्हणून सोडून दिलं.

माझी स्वतःची सवय अशी, की दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी मी दुपारी तीनपर्यंत तयार करते. पेशंट, ऑपरेशन, बाजू, रक्तगट, ॲलर्जी, रिपोर्ट आले की नाही. यादीत खाडाखोड मला खपत नाही. रिपोर्टमध्ये चूक असेल तर ती यादीत येण्याआधीच मी दुरुस्त करून घेते.

दोन वर्षांपूर्वी त्या यादीत भाईंचं नाव आलं. पित्ताशयात खडे, ताप, ऑपरेशन लगेच करायचं. मला आश्चर्य वाटलं, कारण सोनोग्राफी त्यांनी आमच्याकडे न करता बाहेरच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये केली होती. रिपोर्ट चार ओळींचा. त्यात लिहिलं होतं, पोटाच्या वरच्या डाव्या भागात पित्ताशय, त्यात खडे, सूज.

डाव्या? पित्ताशय उजवीकडे असतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. मी क्लिनिकला फोन केला.

"भैया, आपने लेफ्ट लिखा है."

"कौन सा पेशंट? अच्छा, वो... सॉरी सिस्टर, टायपिंग मिस्टेक होगा. आप चेंज कर दो ना."

मी चेंज केलं. डाव्यावर एक सरळ रेघ, वर उजवा, शेजारी माझी सही. पाच मिनिटांचं काम. खात्री म्हणून फाइलमधला छातीचा फोटोही बघितला. हृदय डावीकडे, जिथे असायला हवं तिथे. सर्जनच्या नोंदीतही लिहिलं होतं, उजवीकडे दाबल्यावर खूप दुखतं. सगळं जुळलं. यादी तीनच्या आत तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई स्ट्रेचरवरून आले. प्रश्न विचारायची आमची पद्धत ठरलेली आहे. नाव? सांगितलं. कसलं ऑपरेशन? "पित्ताचं." कुठे दुखतं?

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघत म्हणाले, "लिहिलंय ना तुम्ही?"

"लिहिलंय. पण तुम्ही सांगायचं असतं, भाई."

"लिहिलंय तेच."

भूल देणाऱ्या आमच्या मॅडम नागपूरच्या. हाताने काम आणि तोंडाने गप्पा, दोन्ही एकदम चालतात. त्यांनी मॉनिटरकडे बघून म्हटलं, "काय गं हे, ईसीजी उलटा येऊन राहिला. वायरी अदलाबदल झाल्या वाटतं."

वायरी मीच लावल्या होत्या, बरोबर लावल्या होत्या. तरीही मला वाटलं, घाईत झालं असेल. उजवी काढून डावीकडे लावली, डावी उजवीकडे. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली. अगदी पुस्तकातल्यासारखी.

त्या क्षणी भाई हसले. मी खाली वाकले होते, म्हणून मला दिसलं. खोड पकडली न गेलेल्या माणसाचं हसू असतं तसं नव्हतं ते. कुणीतरी ओळखीचं माणूस दारातून आत आल्यावर हसतात, तसं होतं. मग भूल चढली.

श्वासनलिकेत नळी टाकल्यावर मॅडमनी स्टेथोस्कोप लावला. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. गप्पा थांबल्या. मॅडम गप्प झाल्या की ओटीतला एसीसुद्धा ऐकू येतो.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला आणि भाईंच्या छातीच्या डाव्या बाजूला ठेवला. "लागतंय काही?"

काहीच लागत नव्हतं. समोर मॉनिटर टिकटिक करत होता, मिनिटाला बहात्तर, आणि माझ्या तळव्याखाली एक बंद घर होतं. छाती मशीनच्या भात्याच्या हवेने वर येत होती, खाली जात होती. आत कुणी नव्हतं.

मग मॅडमनी माझा हात उचलून उजवीकडे ठेवला. तिथे ते होतं. जोरात, नियमित, मुळीच न लपणारं.

सर्जन हात धुऊन आत आले. ते इजिप्तचे, तोंडाने तिखट, हाताने हलके. "यल्ला, चला, काय वाट बघताय?"

मॅडमनी सांगितलं. सर्जन म्हणाले, "फोटो लावा." मी पडद्यावर फोटो लावला. हृदय डावीकडे. त्याखाली नाव, फाइल नंबर, सगळं बरोबर. सर्जन फोटोकडे बघत राहिले, मग टेबलावरच्या माणसाकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"हा तो नाही," ते म्हणाले.

"मनगटावरचा पट्टा तोच आहे," मी म्हटलं. "आणि आपण सगळे याला ओळखतो."

"मग तो कोण आहे?" मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. "मला तर बाप्पा, आता भीती वाटून राहिली."

मीही घाबरले होते, पण माझी भीती वेगळी होती. यादीतली ती रेघ माझ्या डोळ्यासमोर होती. डाव्यावर मारलेली, सरळ, स्वच्छ. आणि दहा मिनिटांपूर्वी बदललेल्या दोन वायरी. मी सर्जनना दोन्ही गोष्टी सांगितल्या.

दहा हजारांत एखाद्या माणसाचं असं असतं, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. आतले सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूला. यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, पित्ताशय डावीकडे. माणूस ठणठणीत जगतो. धोका असतो तो आमच्या हातांपासून. दुर्बिणीने पित्ताशय काढताना कुठली नळी कापायची आणि कुठल्या नळीला चुकूनही हात लावायचा नाही, हे सर्जनच्या हातांना पाठ झालेलं असतं. इथे ते पाठांतरच घात करणार. आमच्या सर्जननी असं ऑपरेशन कधी केलं नव्हतं. पण ताप वाढत होता, पित्ताशय फुटण्याच्या बेतात होतं, आणि दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायला वेळ नव्हता.

"सगळं फिरवा," ते म्हणाले.

आम्ही थिएटर फिरवलं. मॉनिटर पेशंटच्या उजव्या खांद्याकडून डाव्या खांद्याकडे, सर्जन डावीकडून उजवीकडे, माझा ट्रे तिकडून इकडे. वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या. ज्या खोलीत मी डोळे मिटून वावरते, तिथे मला उपकरणं सापडेनात. हात पुढे केला की रिकाम्या हवेत जायचा.

कॅमेरा आत गेला आणि पडद्यावर यकृत दिसलं, तपकिरी, चकचकीत, नको त्या बाजूला. एरवी चाळीस मिनिटांत होणारं काम अडीच तास चाललं. सर्जन प्रत्येक नळीपाशी थांबत आणि मोठ्याने म्हणत, "ही काय आहे? तुम्ही सांगा." आम्ही सांगायचं. दोनदा त्यांचा हात सवयीने भलतीकडे वळला आणि दोनदा त्यांनीच तो मागे घेतला. शेवटी सुजून ताणलेलं पित्ताशय बाहेर आलं. "खलास," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्यांना ओटीत बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

रिकव्हरीत भाई शुद्धीवर आले तेव्हा मी शेजारी उभी होते. डोळे उघडले, मला ओळखलं, आणि सुकलेल्या ओठांनी विचारलं, "कुणाला उठवलंत?"

"तुम्हाला."

"नक्की?" म्हणाले आणि पुन्हा झोपले.

पुढच्या सकाळी मी वॉर्डात गेले. रागाने गेले होते. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "भाई, मेला असतात."

"बसा सिस्टर. ओरडू नका, टाके दुखतात."

"टाके तुमचे दुखतात, ओरडतेय मी. उजवीकडे दाबल्यावर दुखतं म्हणून सर्जनना खोटं का सांगितलंत?"

मग त्यांनी सांगितलं, हळूहळू, मधे मधे थांबून. मुंबईत कोर्स करत असताना मुलं सरावासाठी एकमेकांचे फोटो काढत. भाईंचा फोटो आला आणि सर शिकवताना ओरडले, गाढवा, अक्षर उलटं लावलंस. पुन्हा काढला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सरांनी स्वतः काढला. मग दार लावून घेतलं आणि विचारलं, गल्फला जायचंय ना? मग हे कुणाला सांगू नकोस. मेडिकलमध्ये अनफिट केलं तर संपलं. आणि फोटो कसा पालथा करायचा, अक्षर कुठे लावायचं, ते सरांनीच दाखवलं.

"मग पहिला फोटो मी तसा पाठवला. फिटचा शिक्का बसला. इकामा आला, इथं राहायचा परवाना. सिस्टर, तो इकामा कुणाला मिळाला? मला नाय. फोटोवाल्याला. तो फिट. मी त्याच्या नावावर इथं राहतो."

"काहीतरीच काय बोलता?"

"दरवर्षी स्टाफची तपासणी असते. दरवर्षी मी माझा फोटो मीच काढतो, लांब वायरचं बटण घेऊन. मग फिरवतो. फिरवला की तो येतो. दरवर्षी बघतो त्याला. तोही बघतो." त्यांनी चादर छातीवर ओढली. "धाकटीचं कॉलेज अजून दोन वर्षं हाय. हे बाहेर आलं, की पासपोर्टवर फायनल एक्झिट आणि कायमचं घरी. म्हणून म्हटलं, आत गेल्यावर डॉक्टरला दिसंलच. तेव्हा मी झोपलेला असणार. झोपलेल्याला कोण विचारतंय, खोटं का बोललास?"

"आणि मी वायरी बदलल्या तेव्हा हसलात का?"

"कितीतरी माणसांनी मला दुरुस्त केलंय. पण तुमच्याइतकं पटकन कुणी नाय केलं," भाई म्हणाले. "रेघ सरळ झाली ना, तेव्हा म्हटलं, आला तो. आता माझं काम नाय."

मी उठून सरळ स्टाफच्या तपासणीचे डॉक्टर बसतात तिथे गेले. नाव न सांगता विचारलं, एखाद्याचं हृदय उजवीकडे असेल तर तो अनफिट होतो का? डॉक्टर जेवत होते. घास गिळून म्हणाले, "हृदय आहे ना? मग झालं. फक्त फाइलमध्ये नोंद हवी."

मी धावत परत आले आणि ते भाईंना सांगितलं. मला वाटलं, ते रडतील, नाहीतर हसतील. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे त्याला इतकी वर्षं उगाच राबवलं."

मी माझ्या चुकीचा रिपोर्ट लिहिला. दोन कलमं. रिपोर्टमधली बाजू न तपासता बदलली. ईसीजीच्या वायरी बदलल्या. मला लेखी ताकीद मिळाली आणि ती मी माझ्या फाइलला लावली. तेव्हापासून आमच्या यादीत एक नियम आहे, जे विचित्र दिसेल ते दुरुस्त करायचं नाही, आधी पेशंटवर हात ठेवायचा.

भाईंचा नवा फोटो काढला गेला. या वेळी कुणी फिरवला नाही. दोन दिवसांनी मेडिकल रेकॉर्डमधून फोन आला. तिथला हैदराबादचा क्लार्क वैतागला होता. "सिस्टर, आपका ये पेशंट क्या है? एक नंबर पे दो आदमी हैं. सिस्टम नहीं लेता. एक को हटाना पड़ेगा, और पेशंट की साइन लगेगी."

मी भाईंना घेऊन गेले. टाके निघाले होते, तरी पोट धरून चालत होते. दुपारची नमाज होऊन गेलेली, ऑफिसात आम्ही तिघंच. क्लार्कने जुने फोटो एकामागून एक उघडले. अकरा होते. प्रत्येकात हृदय डावीकडे, अक्षर जागच्या जागी, काम एक नंबर. भाई पुढे वाकून बघत होते. अबकैकच्या इंजिनिअरला बघताना झाला होता तसा त्यांचा चेहरा झाला.

"जरा जाडा झालाय," ते मला म्हणाले.

"भाई, आप ही हो ना ये?" क्लार्कने विचारलं.

"लोक तसं म्हणतात." मग हिंदीत, "इसको निकालेगा तो किधर जाएगा?"

"किधर भी नहीं. डिलीट मतलब डिलीट."

भाईंनी पेन हातात घेतलं. घेऊन बसले. क्लार्कने माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. मी म्हटलं, "भाई, हे राहिलं तर पुढच्या वेळी दुसरा सर्जन त्याचा फोटो बघून तुम्हाला कापेल."

"ठाऊक हाय."

"मग?"

"त्याने कधी एक सुट्टी घेतली नाय, सिस्टर." मग सही केली. क्लार्कने बटण दाबलं. अकराही फोटो एकदम गेले, आणि पडद्यावर एकटाच उरला, हृदय उजवीकडे असलेला, नवखा, जरा घाबरल्यासारखा.

आजारपणाची रजा संपली त्या दिवशी भाई आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. फोन उचलेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीचे दिवे लावत होते तेव्हा त्यांचाच फोन आला.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. आज ड्युटीवर मी येऊ ना?"

"तुम्ही नाही तर कोण येणार?"

"नाय, म्हटलं विचारून घ्यावं. म्हणजे, मीच येऊ?"

"तुम्हीच या, भाई. तुमच्या खोलीबाहेर पेशंट खोळंबलेत."

मग अगदी हळू, जवळ कुणीतरी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आणि कुणी विचारलं, पहिला कुठं गेला, तर काय सांगू?"

उत्तर दिल्याशिवाय ते येणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

"सांगा," मी म्हटलं, "फायनल एक्झिट घेऊन गेला."